कोरगूट-चार

कुंभारजुव्यात आज रात्री
वीज गेली नाही, हे आधी लिहून ठेवते.

आठ जीबीतले तीन पाहुण्याला दिले.
यंत्रात यंत्र, खिडकीत खिडकी,
आतलं घड्याळ चार मिनिटं मागे.
नेटवर्कचं दार लावलं, सामायिक फोल्डर काढून टाकला.
लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला.

नवी फाइल सिस्टम कच्ची आहे,
चालू करताना तीच बजावते:
प्रायोगिक. जबाबदारी तुमची.
वाचनालयाच्या बारा संगणकांवर ती टाकायची की नाही
हे फिलोमिनाबाईंना सोमवारी हवंय.
निकालाच्या दिवशी बाराही पडदे काळे,
दारात पोरांची रांग, हे त्यांनी एकदा भोगलंय.

स्नॅपशॉट घेतला. नाव दिलं कोरगूट-एक.
खाऱ्या पाण्यात तगणारं भात, म्हणून.

चाचणीला मजकूर लागतो.
अ आ इ ई किती वेळा लिहिणार?
लिहिलं, प्रिय रोहिदास,
आणि मग थांबताच येईना.
खाजनातल्या वाट्याच्या कागदावर मी सही का करत नाही,
बाबांच्या शेवटच्या आठवड्यात तुझा फोन का लागत नव्हता,
स्विंडनच्या गोदामात रात्रपाळीला तू जेवतोस काय.
दोन पानं. जतन केली.
मग पाहुण्याची वीज मधूनच तोडली, मुद्दाम,
चाचणीत तेही असतं.
उठला. फाइल होती, नाव होतं,
आत नुसती शून्यं.

मागे नेलं, कोरगूट-एकवर.
पाहुण्याला काही आठवेना,
नुकताच उंबऱ्यात आल्यासारखा
वेळ आणि भाषा विचारत बसला.

दुसऱ्यांदा एकच पान झालं.
फोनचा विषय आपोआप गळला.
तिसऱ्यांदा पडदा 'वाटा' या शब्दावर गोठला.
वा उमटला, टा नाही.

खाजनाला असं मागे नेता येत नाही.
मी सातवीत असताना मानशीचं दार कुजलं
आणि भरती शेतात मुक्कामालाच आली.
मीठ जायला तीन पावसाळे लागले.
बाबा रोज बांध उतरून
चिमूटभर माती जिभेला लावायचे,
थुंकायचे,
न बोलता घरी यायचे.

चौथ्यांदा. रात्रीचा दीड.
रोहिदास, सही करणार नाही.
एकदा ये, मानशीपाशी उभे राहू.
जतन केलं. वीज तोडली. उठला.
दोन्ही ओळी जागच्या जागी,
वेलांट्या-उकारांसकट.
लगेच दुसरा स्नॅपशॉट घेतला. कोरगूट-चार.

सकाळी फिलोमिनाबाईंना कळवलं,
चारात एकदा टिकली, अजून नको.
त्या म्हणाल्या, जाल्यार रावूया.

मी पुसलं मात्र काही नाही.
पाहुणा बंद आहे, पत्र आत आहे.
नेटवर्कचं दार
अजून मी उघडलेलं नाही.