एक कार्ड टाका

आंजर्ल्याच्या पोस्टात दिवसभर टपाल लावायचं
आणि रात्री, मच्छरदाणीत मोबाईल घेऊन,
मी एक छोटासा प्रोग्राम लिहीत होतो.
प्रोग्राम कसला, पाढाच तो:
तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ.
पाजपंढरीतल्या पोरांनाही येतो बोटांवर.
मी फक्त त्याला खाडीच्या तोंडचा वाळूचा दांडा जोडला,
कुठल्या तिथीला त्यावर किती पाणी,
दोन वर्षं रविवारचे रविवार बांबू बुडवून मोजलेलं.

फुकट दिला.
समुद्राच्या वेळापत्रकाचे पैसे कोण घेणार?
सोबत 'वाचा' नावाची फाईल, चार ओळींची:
पैसे घेऊ नका.
ही फाईल काढू नका.
पुढे कुणाला द्यायचा तर आधी विचारा,
पन्नास पैशांचं एक कार्ड टाका, नावपत्त्यासह.
खाली मी, विश्राम केळसकर.

अकरा कार्डं आली. मीच शिक्का मारायचो, मीच घ्यायचो.
एक दाभोळहून, फिरोज मुकादमांचं, हिरव्या शाईत:
बंदरातल्या सहा जणांस देऊ इच्छितो, परवानगी असावी.
ते मी टेबलाच्या काचेखाली ठेवलंय.

मग हर्णैच्या लिलावात, सुरमईच्या राशीपाशी,
एका अनोळखी तांडेलाच्या हातात तो दिसला.
माझीच निळी लाट, माझाच दांडा,
इतका बेढब की दुसऱ्या कुणाला जमणारच नाही,
आणि वर लाल अक्षरांत:
दर्यासाथी. सौजन्य, माउली मोबाईल, एसटी स्टँड.

खोटं कशाला बोलू, आधी नावाचंच लागलं.
घरी येऊन जेवलो नाही.
मग रात्री आठवलं,
ही तर पहिलीच प्रत,
क्षयतिथीला चुकणारी.
तिथी गळली की हिचा हिशेब एक दिवस मागे,
म्हणजे पाऊण तास.
पाऊण तासात दांड्यावरचं पाणी
कमरेवरून गुडघ्यावर येतं.
मला ती चूक सापडली तेव्हा
अकराही पत्त्यांवर मी दुरुस्त प्रत धाडली होती.
कार्ड त्यासाठीच होतं हो.
कौतुकाला मला काय करायचंय,
हाक मारायला दार ठाऊक असावं, इतकंच.

आश्विनात, वद्य पक्षात, एक तिथी गळली.
हरेश्वर पावशांची होडी दांड्यावर बसली.
माणसं चालत आली. पंखा वाकला, जाळं फाटलं,
बर्फातली मासळी उन्हात गेली.
पोस्टात पैसे काढायला आले तेव्हा
खिडकीच्या गजातून मलाच सांगत होते,
ह्यो इस्टूल ज्यानं केलान् ना,
त्याचे हात झडोत.
मी पैसे दोनदा मोजले.
नाव पुसलेलं होतं याचं
त्या दिवशी मला बरंच वाटलं,
आणि तसं वाटलं याची अजून लाज वाटते.

माउलीवाला सुधीर मांदाडकर, पोरगेलासा, गोड बोलणारा.
काका, फुकटच होता ना तो?
फुकट होता. बेवारस नव्हता.
पण मी तर उलट पसरवला, तीनशे कार्डांत भरला,
गाण्यांबरोबर. पुण्यच की.
ती फाईल?
ती कोण वाचतंय, जागा खाते.

माझ्या परसातल्या विहिरीवर
अर्धी आळी पाणी भरते.
कुणी विचारत नाही, पण शिरताना
आहे का कोणी, म्हणतात.
कोणी नसलं तरी म्हणतात.
हे त्याला सांगायला गेलो
आणि त्याचा फोन वाजला.

भांडण कुणाशी करणार? तीनशे होड्या त्याच्या यादीतही नाहीत.
शेवटी मीच खिशातून दुरुस्त प्रत काढली.
ही भर, म्हटलं, जुनी काढून टाक,
आणि येईल त्याला सांग, बदलून घे.
त्याने भरली. फाईलसकट भरली, मी बघत होतो.
मग सवयीने हात पुढे केला:
दहा रुपये, काका. भरणावळ.

दिले.
सुट्टे नव्हते त्याच्याकडे,
विसातले दहा अजून यायचेत.

आज षष्ठी. साडेचारला भरती.