कट-आउट

हर्णैच्या बर्फाच्या कारखान्यात
एकोणीस वर्षं मी कॉम्प्रेसर चालवतो.
अमोनियाचा वास मला येत नाही,
नव्या पोरांना येतो, त्यांचे डोळे गळतात.

वादळात माझं काही गेलं नाही.
हे आधी सांगतो, कारण सगळे तेच विचारतात.
तेरा कौलं, एक पपईचं झाड.
शेजारच्या चौगुल्यांची बोट गेली,
ते दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन उभे राहिले.
मी कौलं मोजायला छपरावर चढलो
आणि संध्याकाळपर्यंत उतरलोच नाही.

मग रोज रात्री तीनला जाग.
छातीत पट्टा सुटलेल्या मोटरीसारखी धडधड.
कड्या तपासायच्या, समुद्र तपासायचा.
समुद्र शांत. तेच जास्त वाईट.
पुढे भीतीही आटली,
ओहोटीच्या चिखलात होडी बसते तसा बसलो.
मुलीने दहावीचा निकाल दाखवला.
मी म्हणालो, बरं.

आईने नारळ उतरवून टाकला.
हेमलता काही बोलली नाही,
गुरुवारी पहिल्या एसटीत मला खिडकीशी बसवलं
आणि दापोलीची दोन तिकिटं काढली.

डॉक्टर मुकादमबाईंनी विचारलं, काम काय करता?
मशीनचं विचारल्यावर मला बोलता आलं.
हवी तेवढी थंडी झाली की कट-आउट पडतो,
टक् होतं, मशीन थांबतं.
एकदा तो चिकटला. रात्रभर मशीन चालूच.
सकाळी पाइपांवर वीतभर हिम
आणि लाद्यांना आतून तडे.

बाई हसल्या नाहीत.
केसपेपर उलटा करून दोन मूत्रपिंडं काढली,
त्यांवर दोन टोप्या.
"संकट आलं की इथून कॉर्टिसॉल सुटतं.
मेंदूपर्यंत पोचलं की मेंदू म्हणतो, पुरे.
तुमचं 'पुरे' खाली पोचत नाहीये."

मग मेंदू काढला; मला तो कालवासारखा दिसला.
त्यात एक बदाम, भीतीची घंटा वाजवणारा.
शेजारी एक समुद्रघोडा,
आठवणी जागच्या जागी लावणारा:
हे कालचं, हे आजचं,
ते वादळ होतं, हा नुसता वारा.
"ताण फार दिवस राहिला की घोडा आकसतो,
बदाम मात्र माजतो."

समुद्रघोडा मला ठाऊक आहे.
म्हाकुलांबरोबर जाळ्यात यायचा,
शेपटीने सुताला धरून.
आम्ही पोरं त्याला खिडकीत वाळवायचो.

"परत भरतो का?"
"भरू शकतो," बाई म्हणाल्या.
"आणि हे चित्र माझ्या सोयीचं आहे.
आम्हालाही सगळं अजून कळलेलं नाही."
तिथे माझा विश्वास बसला.

गोळी पांढरी, शेंगदाण्याच्या अर्ध्या डाळीएवढी.
पहिला आठवडा मळमळ, जांभया, तोंडाला कोरड.
दुसरा आठवडा: काही नाही.
पाकीट खाडीत फेकायला निघालो तेव्हा
हेमलता म्हणाली, लादी धरायला छत्तीस तास लागतात,
तेव्हा बरा झाकण उघडून बघत नाहीस.

मंगळवारी समुपदेशक येतो, सव्वीस वर्षांचा पोरगा.
मला छपराच्या शिडीवर चढवतो.
तीन पायऱ्या, आणि थांबायचं.
धडधड चढते. उतरू नका, तो म्हणतो, बघत राहा.
बघत राहिलो.
घामाने शिडी निसरडी झाली, पण ती उतरली,
मी उतरायच्या आधी.

आजही कधी तीनला जाग येते.
लांबून कारखान्याची घरघर ऐकू येते,
मी टक् होण्याची वाट बघत पडतो.
परवा ते ऐकायच्या आतच झोप लागली.

आणि काल, मासे निवडताना,
मुलीला विचारलं, गणितात किती पडले होते गं?
तिने सुरी खाली ठेवली.
सात महिने झाले होते त्या निकालाला.
एक्याऐंशी, ती म्हणाली,
आणि एक गणित त्यांनीच चुकीचं छापलं होतं.