सेकंदकाटा

परभणीला, जुन्या क्षयरोगाच्या इमारतीत
बारा दिवस आमची शाळा भरली.
चोवीस सिस्टर, तीन बाहुल्या, एक पंखा,
आणि पंख्याचं तोंड बाहुल्यांकडे.
बावीस वर्षं उपकेंद्र सांभाळलेल्या मला
पहिल्या बाकावर बसवलं,
कारण चष्मा गावीच राहिला होता.

फर्जाना मॅडम म्हणाल्या, वह्या मिटा. आधी बघा.
भिंतीवर लेकरू उमटलं, सात महिन्यांचं, उघडं,
पोट वरखाली, वरखाली.
मोजा. पूर्ण एक मिनिट.

इंगोले सिस्टरचे बावन्न श्वास भरले,
सेनगावच्या नव्या पोरीचे चोपन्न,
माझे चव्वेचाळीस.
मॅडम माझ्या मनगटाकडे बघत राहिल्या.
घड्याळ होतं. लग्नातलं. वेळ बरोबर दाखवणारं.
सेकंदकाटा तेवढा नव्हता.
कधी गळून पडला, कोणत्या साली,
मला सांगता येईना.

मग एवढी वर्षं कशावर मोजलं, असं
कुणी विचारलं नाही.
मोजतच नव्हते.
कपाळाला हात लावायचे, आईचं तोंड बघायचे,
लाल औषधाची बाटली खळखळ हलवून द्यायचे.
बहुतेक लेकरं बरी व्हायची.
लेकरं चिवट असतात,
नाव बाटलीचं व्हायचं.

दुपारी जुलाबाचा धडा.
पोटाची कातडी चिमटीत धरायची, सोडायची,
जागेवर जायला दोन सेकंदांहून जास्त लागले
तर लेकरू सुकलंय.
पुन्हा सेकंद.
मग न रडणारी बाहुली.
पुसा, पाठ चोळा, मान सरळ, मास्क, पिशवी दाबा,
सगळं पहिल्या मिनिटाच्या आत.
किनवटच्या राठोड सिस्टर तिच्या कानाशी
गोरमाटीत काहीतरी पुटपुटल्या,
आम्ही खो खो हसलो.
तेवढ्यात बाहुलीची छाती वर आली
आणि हसणं जिथल्या तिथं राहिलं.

रात्री हॉस्टेलात डास, आणि सोनकांबळ्यांचं लेकरू.
नऊ वर्षांपूर्वीचं.
पोटावर बिब्ब्याचे ताजे डाग,
आजी म्हणत होती, डबा झालाय बाई, पोट उडायलंय.
मी आजीवर ओरडले. बिब्ब्यावरून.
किती तरी ओरडले,
एका मिनिटाहून नक्की जास्त.
पोट उडायलंय, हे तिनं बरोबर सांगितलं होतं.
जीप जिंतूरच्या अलीकडंच थांबली.
रजिस्टरात त्या तारखेला 'ताप' लिहिलेलं आहे,
अक्षर माझंच.

तेराव्या दिवशी स्टँडसमोरच्या गाड्यावर
दीडशेचं घड्याळ घेतलं.
तो म्हणाला, ताई, हे जेन्ट्स आहे.
म्हटलं, काटा पळतो ना?
पळतो की.
मग बांध.

मंगळवारी उपकेंद्रात पहिली आली वेणू कदमाची सून.
सोबत सासू, कडेवर खोकणारं पोर, रडून लाल झालेलं.
रडताना मोजायचं नसतं.
म्हटलं, आधी पाज.
ती भिंतीकडे तोंड करून बसली.
पोर शांत झालं, पण तोंडानं ओढत असताना
मोजायचं नसतं तेव्हाही.
बसलो मग. बाहेर कुणाची तरी मोटारसायकल
सुरूच होईना, किक, किक, किक.
पोरानं स्तन सोडला, डोळे मिटले.
अंगडं वर केलं.
काटा बारावर आला.

खोलीत कुणी बोलेना,
मोजायचं मी, आणि श्वास धरलेला सुनेनं.

अडतीस.
बरगड्यांखाली खड्डा पडत नाही.
तरी म्हटलं, पुन्हा एकदा मोजते.
चाळीस.

म्हटलं, न्यूमोनिया नाही. अंगावर पाजत राहा,
नाक साफ ठेव, धाप लागली तर रात्रीसुद्धा ये,
नाहीतर गुरुवारी दाखव.

'आन् औषध?' सासू म्हणाली.
आज औषध नाही.

पायरी उतरताना तिचा आवाज मुद्दाम मोठा होता.
'परभनीला जाऊन काय शिकून आली की,
तपासायचं सोडून
नुसतं घड्याळच बघायलीय.'