चिमूटभर कन्हान

मे महिन्यातली शेहेचाळीस अंशांची दुपार.
नाईक तलावाच्या मागच्या गल्लीत मी शिरले
तेव्हा बगलेत होता अकरा पानांचा अर्ज,
तीन प्रतींत, परिषदेच्या शिक्क्यासकट.

देवाजी बारापात्रे ओट्यावर,
डोक्याला ओला दुपट्टा.
"या मॅडम. कुलरपुढं बसा.
आधी घाम सुकवा, मंग इचारा."

पंखा चालू होता, पण पाण्याची टिपटिप नव्हती.
खाली बादली नव्हती, फरशीवर ओहोळ नव्हता.
मग एकाएकी काहीतरी वाजलं, टक्,
वाळ्याचा वास खोलीभर झाला
आणि थोड्या वेळानं पुन्हा, टक्.

सेन्सर कुठला, मी विचारलं.
"माह्या बापाच्या मागाची दांडी."

माग केव्हाच भंगारात गेला.
एक दांडी आईनं ठेवून घेतली होती, लुगडी वाळवायला.
आता तिच्या एका टोकाला ताटी लोंबते,
दुसऱ्या टोकाला पिशवी.
सुकली की ताटी हलकी होते, वर जाते, बटण दाबते.
भिजली की जड होते, खाली येते,
पंप गप्प.
दुपारीच तळ दाखवणारी टाकी
आता दोन दिवस पुरते.

रकाना चार, वापरलेली तत्त्वे.
मी लिहिलं: तराजू.
मग खोडून लिहिलं:
बाष्पीभवनजन्य वस्तुमानबदलावर आधारित स्वयंचलित नियंत्रण.
वाचून दाखवलं.
"हे कोणाच्या कुलरचं हाय?" देवाजींनी विचारलं.

रकाना सात, संशोधकाचे नाव, फक्त एक.
"दांडी बापाची लिहा.
बटण मोमिनपुऱ्यातल्या इलियासचं, मिक्सरातून काढून देल्लं त्यानं.
आन् पिशवी हिची."
सुभद्राबाई आतूनच बोलल्या:
"हे किलोचं माप लटकवत होते.
मापाले का समजते, ताटी नवी हाय का जुनी?
म्या वाळू भरली, कन्हानची.
ताटीनं खार धरला का चिमूटभर टाकाची,
नवी ताटी आणली का काढाची."

चिमूटभर.
मी एककांच्या यादीत शोधत राहिले.

जुलैत बैठक झाली. मी इतिवृत्त लिहायला होते,
त्या खोलीत थंडी वाजते म्हणून शाल घेऊन.
भिंतीवर फलक: तळागाळातील नवोन्मेष आणि विकसनशील देश.
आमच्या वाट्याला साडेतीन मिनिटं आली.
प्रमाणीकरण नाही, एक सदस्य म्हणाले.
एकाहून अधिक ठिकाणी वापर सिद्ध नाही, दुसरे.
मी हात वर केला, अर्धा,
आणि त्याच हातानं शाल सावरली.

त्या दुपारी परत निघाले होते तेव्हा
सगळी गल्ली वाजत होती.
एकोणतीस दारं मोजली मी, पुढं मोजणं सोडलं.
कुणाची दांडी क्रिकेटच्या स्टंपची,
कुणाची मोडक्या छत्रीची;
पिशवीत कुठे वाळू, कुठे तुरीची डाळ,
एका खिडकीत तर बाळाचा मोजा, गच्च भरलेला.
कुणी परवानगी मागितली नव्हती.
मागायची असते, हेही कुणाला ठाऊक नव्हतं.
हे कुठल्या परिशिष्टात जोडतात?

नकाराचं पत्र मीच टाइप केलं.
पोचवायलाही मीच गेले. त्यांनी चहा दिला
आणि पत्राबद्दल काही विचारलं नाही,
चष्मा सापडत नव्हता म्हणे.

यंदा माझ्या घरी, धरमपेठेत, तोच कुलर आहे.
पैसे घेतले फक्त ताटीचे.
परवा तो अडला. पंप थांबेना,
पाणी जिन्यापर्यंत आलं.
मी फोन केला: वाळू किती टाकू? ग्रॅममध्ये सांगता का?
पलीकडे सुभद्राबाई हसल्या, कुणाला तरी काही म्हणाल्या,
मग मला:
"हाताले इचारा ना बाई."

सोमवारी धोरणाचा मसुदा द्यायचा आहे.
पान दोनवर 'नवोन्मेष म्हणजे' इथपर्यंत झालंय.
बोटांना वाळू चिकटली आहे,
कागदावर सांडते,
झटकली तरी.