हशा नोंदीत येत नाही

साउथ डकोटातल्या बेल्डेन क्रीकच्या कोर्टात
सत्तावीस वर्षं मी लघुलेखक होतो.
माणसं बोलायची, मी रेघोट्या ओढायचो.
खोकला, हशा, काचेवर आपटणारी माशी
यांना चिन्हं नव्हती.

म्हणून लव्हिना ट्रास्क पहिल्यांदा उभ्या राहिल्या
तेव्हाचं अर्धंच माझ्याकडे आहे.
न्यायाधीश म्हणाले, वकिलानं टोपी काढावी.
मग म्हणाले, पण सभ्य बाईनं टोपी काढू नये.
पाऊण तास टोपीवर गेला. तो नोंदीत आहे.
त्या पाऊण तासात बाई तसूभर हलल्या नाहीत,
ते नाही.

आरोपी हॅना ओल्सविक, लोणी विकणारी विधवा.
मतपत्रिका एप्रनखाली लपवून
पेटीत टाकून आली
आणि मग स्वतःच शेरीफला सांगत सुटली.

ट्रास्कबाईंनी कायद्याचं पुस्तक उघडलं.
"'तो' कर भरील, असं इथं लिहिलंय.
माझ्या अशिलाची पावती ही पाहा.
'तो' चोरी करील तर 'तो' तुरुंगात जाईल.
आज तुमच्या तुरुंगात दोन बाया आहेत.
पुढे, 'तो' मत देईल.
न्यायाधीश महाराज, नेमक्या याच पानावर
'तो' मिश्या कधीपासून ठेवायला लागला?"

पंचांमध्ये आठ मिश्या होत्या.
सगळ्या हलल्या.

पंचवीस मिनिटांत दोषी. दंड वीस डॉलर.
हॅनानं फी लोण्यात फेडली;
दर शनिवारी बाईंच्या पायरीवर
ओल्या फडक्यात गुंडाळलेला डबा दिसायचा.

"मिश्यांचं वाक्य वगळा," न्यायाधीश म्हणाले होते.
मी मान डोलावली आणि वगळलं नाही.
एवढ्या भांडवलावर बरीच वर्षं
मी स्वतःला बाईंच्या बाजूचा समजत होतो.

मग चौदा सालचा नोव्हेंबर.
बायकांना मत द्यावं की नाही,
हे फक्त पुरुषांना विचारलं होतं.
केंद्रापासून शंभर फुटांवर, बर्फात,
बाई पत्रकं घेऊन उभ्या.
"हातमोजे विसरलात, मिस्टर एक्हार्ट.
तुमच्या बोटांवर कोर्ट चालतं."
स्वतःचे काढून दिले. लोकरीचे, मला घट्ट.

पडद्यामागे पेन्सिल दोरीला बांधलेली.
कुणी बोलत नव्हतं,
म्हणजे उतरवून घ्यायला काही नव्हतं.
जन्मभर दुसऱ्याची वाक्यं लिहिलेला हात
थोडा वेळ अधांतरी राहिला.
मग "नाही"वर फुली पडली.

पडली म्हणतोय. बघा, अजूनही.
मारली. मी मारली.

अठरा साली "हो" म्हटलं,
तोवर माझा न्हावीही "हो" म्हणत होता.

हातमोजे मात्र चौदा सालीच,
निकालाच्या दुसऱ्या दिवशी परत करायला गेलो.
बाईंनी काही विचारलं नाही.
डाव्याचा अंगठा उसवलाय का, तेवढं
उजेडात धरून पाहिलं.