पत्ते किती लागले असते

सकाळी दहाचा एकच खेळ, तोही गुरुवारपुरता.
आम्ही दोघं धरून नऊ माणसं.
तिकीट फाडणारा पोरगा म्हणाला,
"काका, इंग्लिश आहे. सगळी गाणीच आहेत."
राजेशमला ऐकू गेलं नाही.
चाळीस वर्षं मागाशेजारी काढलेल्या कानांत
आता एकटा माग राहतो, भाडं न देता.
तो पोराकडे बघून हसला
आणि खिशातल्या शेंगा चाचपल्या.

अंधार झाला, आणि पहिल्याच गाण्यात
एका इस्त्रीवाल्याच्या टेबलावरून शर्ट उठले,
रांगेनं, बाह्या हलवत,
जिन्यावरून गच्चीवर, गच्चीवरून वर,
तर वरच्या आभाळाला काजं होती, बटणं होती.
एका म्हाताऱ्यानं शिडी लावून
सगळ्यात खालचं बटण काढलं
आणि आतून संध्याकाळ सांडली, केशरी.

मी जेकार्डची डिझाइनं काढणारा माणूस.
आलेखाच्या कागदावर चौकोन रंगवत
मोर केले, वेली केल्या, एकदा गिऱ्हाईक अडून बसलं म्हणून
चादरीभर विमानसुद्धा.
आभाळ मात्र नेहमी जमीन म्हणून सोडलं, साधं निळं.
ते उघडता येतं, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

गाणं ओळखीचं होतं.
रेल्वे लाइन्समधल्या मॉरिसनं दिलेल्या कॅसेटवरचं,
अशोक चौकामागच्या कारखान्यात
रात्रपाळीला, चहाच्या सुट्टीत, किटलीशेजारी ठेवून ऐकलेलं.
पगार शनिवारी, नवे सेल रविवारी,
सोमवारी गिटार जोरात धावायची,
शुक्रवार येईतो
उसाच्या गाडीचा बैल व्हायची.
आम्हाला वाटायचं, गोरे लोक असेच गात असतील,
घाटातून चालत आल्यासारखे.
शब्द कुणाला कळत होते?
राजेशम त्यात स्वतःचे तेलुगू शब्द भरायचा,
उधारी, सासू, मुकादम, सगळे चालीत बसायचे.

आज पडद्याखाली अक्षरं आली.
ज्या गाण्यावर मी, बावीस वर्षांचा,
सुताच्या पोत्यावर बसून रडलो होतो,
ते एका जुन्या मोटारीबद्दल होतं.
विकत कुणी घेईना, म्हणून मालक हळहळतोय.
बघा आता.
रडणं काही परत घ्यावंसं वाटलं नाही.

मग समुद्र आला, तो चादरींचा.
खाली माणसं बसून लाटा करत होती,
त्यांचे पाय दिसत होते, कुणी लपवले नव्हते,
तरी बोट हलली, तरी माझ्या पोटात कालवलं.
राजेशम कानाशी येऊन ओरडला
(त्याला वाटतं, तो कुजबुजतो),
"माल हलका हाय! पहिल्या धुण्याला आटतंय!"
पुढची बाई वळून बघू लागली.
मी तिला शेंगा दिल्या. तिनं घेतल्या.

मध्यंतरानंतर
नायिका रिकाम्या बसच्या टपावर बसली,
खालून शहर नुसत्या खडूच्या रेघांचं,
आणि तिनं तेच मोटारीचं गाणं उचललं,
सावकाश. फार सावकाश.
प्रत्येक शब्द पायरीवर बसवून, मग पुढची पायरी.
अंगावर काटा आला.
ही पोरगी शुक्रवारच्या सेलवर गात होती.

राजेशमला कसं सांगू म्हणून वळलो.
त्यानं चपला काढल्या होत्या,
तळवे फरशीला टेकवले होते,
एक हात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर,
ताणा तपासताना ठेवायचा तसा.
डोळे पडद्यावर.
अचानक उठून उभाच राहिला
आणि अख्ख्या थेटराला ऐकू जाईल असा म्हणाला,
"शुक्रवार हाय बे!"

बाहेर बेचाळीस डिग्री.
रिक्षावाला सात रस्त्याचे शंभर मागत होता,
आम्ही भिंतीच्या सावलीतून चालत निघालो.
बराच वेळ तो बोटं मोडत होता, मग म्हणाला,
"त्या शर्टांच्या डिझाइनला
पत्ते किती लागले असते?"

मी हिशोब केला. उड्या, रंग, बटणं.
हातानं दाखवता येईना इतके निघाले.
मग रस्त्याकडेच्या धुळीत बोटानं आकडा लिहिला,
शून्य पुरेनात, पुढे वाढवत गेलो
पानटपरीपर्यंत.