ठिणगी आहे, जाळ नाही

डिसेंबर. वडगावात धुकं एवढं
की समोरच्याचा जिना अर्ध्यातच संपतो.
हे न्हाणीत उभे, कमरेला पंचा, अंगाला तेल,
आणि गीझर पेटत नाही.

"मेलंय ते," हे ओरडतात.
मेलेलं नाही. मला ऐकू येतंय:
टक टक टक टक, मग गप्प,
नळ बंद करून सोडला की परत टक टक टक.
ह्यांना येत नाही ऐकू.
चौतीस वर्षं आठ यंत्रमागांच्या मधे उभे होते,
त्या खोलीत बोलायचं म्हणजे एकमेकांचे ओठ बघायचे.
माग गेले भंगारात, किलोच्या भावानं.
कान काही परत आले नाहीत.

म्हणून तपासणी माझ्याकडे.
सिलिंडर हलवला: जड.
शेगडीला लावून पाहिला: निळी फुलं, व्यवस्थित.
टॉर्चचे सेल काढून ह्यात घातले:
टकटक जरा कडक झाली, एवढंच.
नळाला पाणी सहा दिवसांनी येतं, पण टाकी कालच भरलीय,
आणि धार बारीक असती तर टकटकसुद्धा झाली नसती,
एवढं मलाही कळतं.
मग किंचित वास आला.
नॉब बंद केला, खिडकी ढकलून उघडली
आणि ह्यांच्या हातातली काडेपेटी काढून घेतली,
चाळीस वर्षांच्या संसारात न बोलता.

इरय्या आला साडेनवाला, मफलर गुंडाळून.
"किडी हारतैती काकी, गॅस बरवल्दु."
तेच की रे. ठिणगी उडतीय, गॅस येईना.
तो कानडीत विचारतो, मी मराठीत सांगते,
मधल्यामधे स्क्रू निघतात.
"एष्ट दिन आतु हच्ची?"
गणपतीपासून बंदच होता बघ. लेकीच्या बाळंतपणाला
मी धारवाडला. हे एकटे
गार पाण्यानं करायचे अंघोळ,
किंवा करायचेच नाहीत, कुणास ठाऊक.

पत्र्याचं झाकण खाली आलं.
आत तांब्याच्या पातळ पट्ट्या, फणीसारख्या,
मी क्षणभर बघतच राहिले.
त्याखाली बारीक तोंडांची रांग,
आणि तोंडातोंडांत पांढरं काहीतरी, कापसाच्या फुंकरीएवढं.
"जेड," इरय्या हसला, ब्रश मागितला दातांचा.
कानडीत कोळ्याला जेड. विणकरालाही जेड.
आपल्याकडे तो बिचारा मासे धरायला जातो,
इथं मात्र आमच्याच धंद्यातला निघाला.
गॅसचा वास आवडतो म्हणे त्यांना.
चार महिने बंद शेडमधे, बिनवीजबिलाचं,
सगळं विणून मोकळा.

हे दारातनं विचारतायत, काय होतं, काय होतं?
मी ओठ मोठे करून सांगितलं: जाळं होतं.
"जाळ होता? मग पेटलं की!"
नाही हो. जाळ नव्हता,
कारण जाळं होतं.
इरय्याला मराठी तेवढं कळलं, तो ब्रश धरून खो खो.

ह्यांनी ब्रशवरचा एक धागा उचलला,
खिडकीच्या उजेडात धरला, दोन बोटांत ताणला.
"शंभरच्या वरचा काउंट," म्हणाले,
"असला सूत मला कधी मिळाला नाही."
आणि पुसला पंचालाच.

झाकण बसलं. नॉब. नळ.
टक टक, भप्प.
त्या आधीच ह्यांनी पत्र्यावर तळवा ठेवला होता,
मागाच्या चौकटीवर ठेवायचे तसा,
डोळे मिटून.
"लागला," म्हणाले.
पाणी अजून गारच येत होतं.

इरय्यानं तीनशे सांगितले, अडीचशे घेतले, चहा दोनदा.
कोळी काही सापडला नाही.
अंगावरचं तेल एव्हाना वाळलेलं.
हे आत गेले, दार लावलं,
आणि बाहेर मला ऐकू यावं एवढ्या मोठ्यानं
स्वतःशीच बोलत बसले, तांब्यावर तांब्या.